हिशोब अडला, तेव्हा नवी संख्या आली



खेड तालुक्यातल्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आमचं गणित कच्चं हो." हे म्हणणारी बाई त्याच बैठकीत कुणाची वर्गणी आली, कुणाचा हप्ता थकला, थकल्यावर दंड किती आणि व्याज किती, हे वही न उघडता सांगून मोकळी होते. मग कच्चं काय असतं? बहुतेक वेळा कच्ची असतात ती फक्त नावं. मुलीच्या आठवी-नववीच्या पुस्तकात नैसर्गिक संख्या, पूर्ण संख्या, पूर्णांक, परिमेय, अपरिमेय, वास्तव अशी नावं येतात आणि आई म्हणते, "हे तुझ्या सरांनाच विचार."

आज आपण या नावांमागचा इतिहास बघणार आहोत. या सगळ्या संख्या कुणी एका दिवशी बसून ठरवलेल्या नाहीत. कुणाचा तरी हिशोब अडला, हाताशी असलेल्या संख्यांनी तो सुटेना, तेव्हा पुढची संख्या आली. आणि नवी संख्या ज्यांना कळली नाही, त्यांचं बऱ्याचदा नुकसान झालं. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

सुरुवात मोजण्यापासून. एक, दोन, तीन, चार. कोंबड्या मोजा, नारळ मोजा, बैठकीला आलेल्या बाया मोजा. या मोजायच्या संख्यांना पुस्तकात नैसर्गिक संख्या म्हणतात. त्या एकपासून सुरू होतात आणि कुठे संपत नाहीत, कारण कितीही मोठा आकडा सांगितला तरी त्यात एक मिळवता येतो.

महाराष्ट्रात अशा आकड्यांची फार जुनी नोंद एका बाईच्या नावाशी जोडलेली आहे. कल्याणहून जुन्नरकडे सह्याद्री चढून जाणारी व्यापाराची जुनी वाट म्हणजे नाणेघाट. घाटमाथ्यावर कोरलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. हा सातवाहन राणी नागनिकेचा लेख, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत काय काय दान दिलं, याची ती यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी आणि त्यांचे आकडे. सतरा आहे, शंभर आहे, हजार आहे, वीस हजारही आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांचा बारकाईने अभ्यास केला. आपण आज जे २, ४, ६, ७ लिहितो, त्यांचे पूर्वज त्या भिंतीवर आहेत.

पण त्या भिंतीवर शून्य नाही. दहासाठी एक खूण, वीससाठी दुसरी, शंभरसाठी तिसरी, हजारासाठी आणखी वेगळी. राणीच्या कारकुनाला सगळ्या खुणा पाठ कराव्या लागत असणार. एवढा मोठा हिशोब, पण "काहीच नाही" हे लिहायला चिन्ह नाही.

शून्याने दोन कामं केली. पहिलं, जागा धरून ठेवायचं. ५ पुढे एक शून्य म्हणजे पन्नास, दोन शून्यं म्हणजे पाचशे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा एक लेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, आणि रोज देवाला ५० माळा, असा त्यात हिशोब आहे. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच गोल आहे. फुलं, माळा आणि जमीन! शून्य काही फक्त आकाशातल्या ग्रहांच्या गणितात नव्हतं.

शून्याचं दुसरं काम म्हणजे स्वतः एक संख्या होणं. पाचातून पाच गेले की उरतं ते शून्य, आणि त्याचीही बेरीज-वजाबाकी करता येते. राजस्थानातल्या भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात शून्याचे नियम दिले आहेत. मोजायच्या संख्यांमध्ये शून्य मिळवलं की त्या झाल्या पूर्ण संख्या. नैसर्गिक आणि पूर्ण यांत फरक एवढाच, एका शून्याचा. पुस्तकात हा फरक एका ओळीत उरकतात. पण कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन नंतर आकड्यापुढे एक शून्य वाढवलं, तर घर कसं बुडतं हे जिच्या घरात घडलं असेल तिला त्या एका ओळीचं वजन ठाऊक असतं. म्हणून तर पावतीवर आकड्याबरोबर अक्षरी रक्कम लिहायची आणि शेवटी "फक्त" लिहायचं.

आता पुढचा अडलेला हिशोब. जवळ ३०० रुपये आहेत आणि देणं ५०० आहे. ३०० देऊन टाकले, तरी मागे काय राहिलं? शून्य नाही राहिलं. शून्याच्याही खाली गेलो आपण. ब्रह्मगुप्ताने या संख्यांना नाव दिलं ऋण, आणि जवळ असलेल्या संख्यांना धन. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. आजही शाळेत धन संख्या, ऋण संख्या असंच शिकवतात, पण हा शब्द सावकाराच्या दारातून वर्गात आला आहे हे मुलांना कुणी सांगत नाही. धन, ऋण आणि शून्य मिळून ज्या होतात त्यांना पूर्णांक म्हणतात. पूर्ण संख्या आणि पूर्णांक ही नावं सारखी वाटतात आणि तिथेच गोंधळ होतो. पूर्ण संख्यांमध्ये कर्ज नाही, पूर्णांकांमध्ये आहे, एवढं धरून ठेवा.

ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हा नियम मुलं नुसता घोकतात. ब्रह्मगुप्ताने तोही सांगितला आहे. आपण तो गटाच्या भाषेत लावू. ५०० रुपयांचं एक कर्ज म्हणजे उणे ५००. अशी तीन कर्जं एखादीच्या डोक्यावरून काढून टाकली, माफ केली. काढून टाकली म्हणजे उणे तीन वेळा. तिची स्थिती किती रुपयांनी सुधारली? १५०० रुपयांनी. कर्ज वजा होणं म्हणजे मिळकतच.

ऋण संख्यांशी आपल्या महाराष्ट्राचं एक खास नातं आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण म्हणून जुनं गाव आहे. तिथल्या देवीच्या मंदिरातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (ज्ञानेश्वरांच्या गोष्टीतले चांगदेव वेगळे) याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्या लेखात आहे. लेख बहुतांश संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पेठेतल्या विक्रीतून मठाला काय द्यायचं, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं, ते त्यात लिहिलं आहे. ज्यांनी द्यायचं त्यांना समजायला हवं, म्हणून तेवढं मराठीत! आम्हाला हे फार आवडलं. गणिताची शाळा चालली ती पेठेतल्या तेलावर.

हे भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मले आणि छत्तिसाव्या वर्षी त्यांनी आपला मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातलं अंकगणित म्हणजे लीलावती. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजलं, मुहूर्त हुकला आणि तिचं लग्न राहिलं, म्हणून वडिलांनी तिच्या नावाने पुस्तक लिहिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती गोष्ट येते १५८७ मध्ये फैजीने केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. आम्हाला ती गोष्ट पटत नाही आणि आवडतही नाही. मुलीने गणित शिकायचं कारण लग्न मोडणं हेच कशाला असायला हवं? पुस्तकातली उदाहरणं मात्र ठिकठिकाणी एका मुलीला उद्देशून विचारली आहेत, एवढं खरं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांचं एक कोडं आहे. कळपाचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. तेवढी वानरं गुहेत गेली आणि एक वानर फांदीवर दिसलं. तर कळप केवढा? एक उत्तर ५०. पन्नासाचा पाचवा भाग १०, उणे तीन म्हणजे ७, सात सत्ते ४९, अधिक एक म्हणजे ५०. बरोबर. पण दुसरंही उत्तर निघतं, ५. पाचाचा पाचवा भाग १, उणे तीन म्हणजे उणे २, त्याचा वर्ग ४, अधिक एक म्हणजे ५. हिशोब जुळतो! तरी आचार्यांनी हे उत्तर सोडून दिलं. कारण काय, तर उणे दोन वानरं लोकांना पटत नाहीत. आणि तेच आचार्य लीलावतीत एका त्रिकोणाच्या उदाहरणात तळाचा तुकडा ऋण सहा आला, तेव्हा म्हणतात की तो उलट दिशेला मोजायचा. वानर उणे असत नाही, पण दिशा उलटी असू शकते, कर्ज असू शकतं. कोणती संख्या कुठे लावायची, हा समजूतदारपणा त्यात आहे. युरोपात तर त्यानंतर सहाशे वर्षांनीही काही विद्वान ऋण संख्यांना नावं ठेवत होते.

लोकांना मात्र ऋणाचा अर्थ कुणी शिकवावा लागला नाही. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळू लागले. ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. अनेक ठिकाणी रोखे ताब्यात मिळाले की माणसाला हात लावला जात नव्हता. राग त्या कागदावरच्या आकड्यावर होता. तो आकडा कसा वाढला, हे कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

आता येऊ या आपल्या कोकणात, आणि इथे जरा जास्त वेळ बसू. कारण पुढचा अडलेला हिशोब म्हणजे वाटणी.

तीन भाकऱ्या, चार माणसं. पूर्णांकांनी हा प्रश्न सुटत नाही. तुकडे करावे लागतात. प्रत्येकाला पाऊण. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: या शब्दांत आपली मराठी फार श्रीमंत आहे. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मुलं नुसते बेचे पाढे म्हणत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतो ना आपण, ते हेच औट. आपले मुहूर्तही साडेतीन आणि देवीची पीठंही साडेतीन. ज्या लोकांनी देवाच्या पीठांतही अर्धं मोजलं, त्यांना अपूर्णांक परका कसा असेल?

मुली त्या शाळेत नव्हत्या. पण मापं त्यांच्याच हातात होती. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. बघा, प्रत्येक माप पुढच्याच्या बरोबर अर्धं. मापटं म्हणजे पायलीचा आठवा भाग, चिपटं म्हणजे सोळावा. हा सगळा अपूर्णांकांचा पाढा सासूने सुनेला तांदळाच्या डब्याशी उभं राहून शिकवला. शाळेत त्यालाच परिमेय संख्या म्हणतात. एका पूर्णांकाला दुसऱ्या पूर्णांकाने भागून जी लिहिता येते ती परिमेय. वर ३, खाली ४. वर १, खाली १६. खाली फक्त शून्य चालत नाही, कारण शून्य जणींत भाकरी वाटा, या बोलण्याला अर्थच नाही. आणि पूर्ण ५ सुद्धा परिमेयच, कारण ५ भागिले १ असं लिहिता येतं.

या अपूर्णांकांवर आपल्या भागातल्या घरांचं पोट अवलंबून होतं. खेड, दापोली, चिपळूण हा खोतीचा मुलूख. जमीन कसणाऱ्याने पिकाचा ठरलेला हिस्सा खोताला द्यायचा. कुठे अर्धा, त्याला अर्धेल म्हणत. कुठे तिसरा, त्याला तिर्धेल म्हणत. अर्धा आणि एक तृतीयांश, पुस्तकात शेजारी शेजारी छापलेले दोन साधे अपूर्णांक. त्यांच्यात अंतर केवढं, ते भातात मोजू या. समजा एका घराला एक खंडी भात झालं. खंडी म्हणजे वीस मण. मणाच्या पायल्या गावोगाव कमीजास्त होत्या, आपण बारा धरू. अर्धेल दिली तर घरात उरले १० मण. तिर्धेल दिली तर द्यायचे ६ मण ८ पायल्या आणि घरात उरले १३ मण ४ पायल्या. फरक ३ मण ४ पायल्यांचा, म्हणजे ४० पायल्या, म्हणजे ८० अधोल्या. त्या घरात रोज अधोलीभर भात कांडलं जात असेल, तर हा फरक ८० दिवसांच्या जेवणाचा झाला. जवळजवळ अख्खा आषाढ, श्रावण आणि निम्म्याहून जास्त भाद्रपद. पोरांनी उकडलेल्या कंदांवर दिवस काढायचे की पेज प्यायची, हे त्या दोन अपूर्णांकांमधल्या फरकावर ठरत होतं.

आणि अपूर्णांक ठरला तरी प्रश्न संपत नाही. माप कुणाचं? भरताना वर शीग ठेवायची की पट्टीने सपाट करायचं? हिशोबाच्या वहीत सगळं बरोबर आणि मापात चूक, असंही होऊ शकतं. हे ज्याला बोलून दाखवता आलं नाही, त्याने ते सोसलं.

या हिश्श्यांविरुद्ध लोक उभे राहिले. कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये संप पुकारला. शेत कसायचंच नाही, असा संप. तो सहा वर्षं चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा शेवटी १९४९ मध्ये झाला. तुमच्या घरातल्या वयस्क बायांना अर्धेल हा शब्द विचारून बघा. गणिताच्या तासाला तो शब्द यायला हवा, असं आमचं मत आहे.

अपूर्णांकांची आणखी एक मोठी उलथापालथ झाली ती १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याची मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर घर चालवायचं गावातल्या बाईने. तिला आता रोज दोन हिशोब करायला लागले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं कुठे आहे? म्हणून तक्ता ठरला: एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. आता गंमत बघा. चार वेळा एकेक आणा बदलून घेतला तर हातात येतात २४ पैसे, आणि पावली एकदम दिली तर २५. एक पैसा कुठे गेला? सव्वासहातला "सव्वा" वाऱ्यावर गेला. एकेक आण्याची खरेदी करायची ती गरिबाघरची बाई, तेव्हा तो पैसा कुणाचा गेला हे उघड आहे. पुढे १९६४ मध्ये "नवा" शब्द गळाला आणि नुसता पैसा राहिला.

जुन्या रुपयात एक सोय होती, ती नव्यात नाही. तीन बहिणींत एक रुपया वाटा. जुन्या हिशोबात प्रत्येकीला ५ आणे ४ पै, काटेकोर. नव्यात प्रत्येकीला ३३ पैसे आणि एक पैसा उरतो. तो दहा भागांत फोडा, तरी एक उरतो. पुन्हा फोडा, पुन्हा एक. ३३.३३३, असं चालूच राहतं. म्हणून ही संख्या विचित्र आहे का? मुळीच नाही. ती साधी एक तृतीयांश आहे. परिमेय संख्येची हीच खूण आहे की दशांशात लिहिली तर ती एक तर कुठेतरी थांबते, जशी पाव म्हणजे ०.२५, नाहीतर तेच तेच आकडे फिरून येत राहतात. एकाला सातने भागा, १४२८५७ हे सहा आकडे गोल फिरत राहतात. करून बघा, कागद-पेन्सिल घेऊन.

इथपर्यंत वाटतं की झालं, सगळ्या लांब्या-रुंद्या, सगळी वजनं-मापं अपूर्णांकात बसली. पण एक मोजणी बसली नाही. आणि ती आपल्या खळ्यातच आहे.

बरोबर चौकोनी खळं घ्या, चारी बाजू पाच-पाच हात. आता या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरा. याला कर्ण म्हणतात. किती हात भरेल? जवळजवळ सात. पण बरोबर सात नाही. कारण कर्णावर चौकोन काढला तर तो मूळ चौकोनाच्या बरोबर दुप्पट होतो. रांगोळीत चौकोनाच्या बाहेरून तिरका चौकोन काढताना हे तुम्ही हजारदा बघितलं आहे. मग पाच पाचे २५, त्याची दुप्पट ५०, आणि सात सत्ते ४९. एकाने चुकलं. बरं, खळं बारा हातांचं करू. कर्ण सतरा हात? बारा बारे १४४, दुप्पट २८८, आणि सतरा सत्रे २८९. पुन्हा एकाने चुकलं, या वेळी दुसऱ्या बाजूला. यज्ञवेदी बांधणाऱ्यांसाठी लिहिलेली शुल्बसूत्रं अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. त्यांत तर फारच जवळचा अपूर्णांक दिला आहे. हिशोब केला तर तो येतो ५७७ भागिले ४०८. आता ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. पुन्हा एक!

हे एक कधीच सुटत नाही. का, ते चार वाक्यांत सांगतो. समजा कर्ण आणि बाजू दोन्ही पूर्ण आकड्यांत बसले, आणि दोन्ही सम असतील तोवर आपण त्यांना निम्मं करत गेलो, जोपर्यंत निदान एक विषम उरत नाही. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे सम, म्हणून कर्ण सम. सम संख्येच्या वर्गाला चारने भाग जातो, म्हणून बाजूचा वर्गही सम, आणि बाजूही सम. पण एक तरी विषम उरला होता ना? म्हणजे मुळात धरलेलंच चूक होतं, असा अपूर्णांकच नाही.

ज्या संख्या अशा कोणत्याच अपूर्णांकात बसत नाहीत, त्या अपरिमेय. दशांशात लिहिल्या तर त्या थांबतही नाहीत आणि फिरूनही येत नाहीत: १.४१४२१३५ आणि पुढे. भास्कराचार्य अशा मुळांना करणी म्हणत आणि त्यांची बेरीज-वजाबाकी शिकवत. ग्रीसमध्ये अशी दंतकथा आहे की ही गोष्ट ज्याने फोडली त्याला समुद्रात बुडावं लागलं. आपल्याकडे कुणी बुडालं नाही. इथल्या लोकांनी जवळचा अपूर्णांक घेतला आणि वेदी बांधली.

बांगडीचंही असंच. बांगडीच्या आरपार ७ बोटं असतील तर घेर साधारण २२ बोटं. लीलावतीत २२ भागिले ७ हा रोजच्या वापराचा आणि ३९२७ भागिले १२५० हा सूक्ष्म कामाचा, असे दोन्ही दिले आहेत. पण दोन्ही जवळचेच. बरोबर असा अपूर्णांक निघूच शकत नाही, हे लांबर्ट नावाच्या गणितज्ञाने १७६१ मध्ये सिद्ध केलं. तेव्हा मुलीच्या परीक्षेत प्रश्न आला, "बावीस सप्तमांश परिमेय की अपरिमेय?", तर उत्तर परिमेय. आणि "पाय परिमेय की अपरिमेय?", तर उत्तर अपरिमेय. या दोन प्रश्नांत पुष्कळ मुलं गुण घालवतात.

गणित आपल्या मातीतलं नाही, असं वाटत असेल तर शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचं नाव घेऊ. तिथे जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे रँग्लर झाले, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुर्डीतल्या त्यांच्या वयाच्या मुली त्या वेळी पाटीवर काय लिहीत होत्या, हा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला तेव्हा सगळ्या हसल्या. पाटी कुठली, त्या पाणी भरत होत्या.

राहिलं शेवटचं नाव, वास्तव संख्या. परिमेय आणि अपरिमेय मिळून सगळ्या त्या वास्तव. त्या समजायला आपली जगबुडीच बरी. पावसाळ्यात नदीची पातळी पट्टीवर वाचतात. ५ मीटरला इशारा, ७ मीटरला धोका. पट्टीवर रेघा मोजक्याच असतात आणि मोबाईलवर निरोप येतो तो "६.४० मीटर", "६.८५ मीटर" असा. हे सगळे परिमेय आकडे. पण पाणी काही रेघेवरून रेघेवर उडी मारत नाही. पाचाहून सातापर्यंत चढताना ते मधल्या प्रत्येक ठिकाणाला शिवून जातं, ज्यांना अपूर्णांक आहे त्यांनाही आणि ज्यांना नाही त्यांनाही. सातची रेघ ओलांडली की सात मिलिमीटर नव्हे, सात सेंटिमीटरच्या किंचित वर एक जागा आहे, ७.०७१०६ आणि पुढे न संपणारी. पाच मीटर बाजूच्या चौकोनाचा कर्ण तेवढा असतो. जुलै २०२१ मध्ये बाजारपेठेत पाणी शिरलं, त्या वेळी ते त्या जागेवरूनही वर गेलं, आणि बाजारातल्या बाया तेव्हा दुकानातला माल माळ्यावर चढवत होत्या.

पुढच्या वेळी टक्केवारी आणि व्याज घेऊ. शेकडा दोन दरमहा म्हणजे वर्षाला किती, आणि हप्ते भरत असताना ते कशावर लावायचं, याचा हिशोब गटाच्या वहीसह करून बघायचा आहे. वही आणि पेन्सिल घेऊनच रेडिओजवळ बसा.